दुधीच्या रसास अनावृत पत्र

तीर्थस्वरूप दुधीच्या रसास,
शि. सा. न. वि. वि.

मायन्यातलं ‘तीर्थस्वरूप’ वाचून हुरळून जाऊ नका. तीर्थ पळीभर घ्यायचं असतं. आपण रोज सकाळी अनशापोटी पेला भरभरून आलात.

कोजागरीच्या आटीव दुधाचे पेले विसळून पालथे घालते न घालते, तोच भिशीच्या ग्रुपवर ‘दिवाळीपूर्व सात दिवसांचं डिटॉक्स’ येऊन पडलं. सकाळी आपण, दुपारी काकडी, संध्याकाळी जिऱ्याचं कोमट पाणी, रात्री पुन्हा आपण. शरीरातली सगळी विषं म्हणे सात दिवसांत बाहेर! कोणती विषं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नाव-गाव माहीत नसलेल्या भाडेकरूला जागा खाली करायची नोटीस द्यावी, तसला प्रकार. पण भाऊबीजेला नणंदबाई येणार आणि ब्लाउजचं शेवटचं हूक लागत नव्हतं. मी नोटिशीवर सही केली.

ज्या सोमवारी आपल्याला तोंड लावलं, त्याच सोमवारी अनारशांचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस ते पाण्यात आणि तीन दिवस मी पाण्यावर. त्यांचं पाणी रोज सकाळी बदलायचं, मग आपल्यासाठी मिक्सर लावायचा. चौथ्या दिवशी तांदूळ उपसले, फडक्यावर पसरले, दमट असतानाच वाटले, गूळ घालून डब्यात दाबून ठेवले. त्यांची रवानगी पुढे साजूक तुपात होणार होती. माझी काकडीकडे.

तरी तिसऱ्या दिवशी काटा दीड किलोने खाली आला होता, हे मान्य करते. मी आपल्याला मनोमन हात जोडले. मेडिकलला दुसऱ्या वर्षात असलेल्या लेकीने तेवढ्यात पाणी फिरवलं. “आई, चरबी नाही गेली, पाणी गेलं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. एका ग्रॅमला तो तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. तू जेवत नाहीस, म्हणून साठा उपसला गेला आणि त्याच्याबरोबर पाणीही. दोन दिवस नीट जेवलीस की आलंच परत.” वर म्हणाली, “तुझी मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात. त्यांना दुधीची शिकवणी कशाला?” फी भरून शिकवलं की मुलं अशी बोलतात.

पाचव्या दिवशी चकल्या होत्या. भाजणी उकडून, मळून, सोऱ्यात भरली. पण चव बघायची नाही, कारण सात दिवस जिभेला सुट्टी. पोटात नुसते आपण, त्यामुळे डोकं हलकं. मीठ घातलं की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. ह्यांनी पहिल्या घाण्यातली चकली मोडून तुकडा तोंडात टाकला आणि एक अक्षर न बोलता उठून दोन भांडी पाणी प्यायले. घरातलं दुसरं डिटॉक्स तिथे सुरू झालं.

सहाव्या दिवशी आपण जरा जास्तच कडू लागलात. ‘कडू तितकं गुणकारी, नाक दाबून प्या,’ असं प्लॅनमध्ये ठळक अक्षरांत होतं. मी नाक दाबलंही. सासूबाईंनी पेला हातातून काढून घेतला. “चिरताना फोड चाखली होतीस? कडू दुधी टाकून द्यायचा असतो. एवढंही कुणी शिकवलं नाही?” लेकीने मोबाइलवर शोधलं, तर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीचा सल्लाही अक्षरशः सासूबाईंचाच: आधी फोड चाखा, कडू असेल तर रस काढू नका. त्या कडूपणात कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात. उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत. म्हणजे विष बाहेर काढायला निघालेली मी ते पेल्याने आत घेत होते. सातवा दिवस आमच्या घरी उजाडलाच नाही.

कडूवर माझा राग आहे असं समजू नका. शरदात पित्त खवळतं, तेव्हा कडू घ्यावं, विरेचन करावं, हे चरकसंहितेतही आहे; पण तिथे कडू येतं ते औषधी तुपातून आणि शेजारी वैद्य असतो. आमच्या कोकणात तर दिवाळीची सुरुवातच कडूने होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की तुळशीपाशी कारीट ठेवायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं आणि त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा. कारीट आपल्याच भोपळा-काकडीच्या कुळातलं, कडूपणात आपला थोरला भाऊ. पण त्याला बोटाच्या टोकाएवढीच जागा. तोंड वाकडं होतं न होतं तोच गुळाचे पोहे, दह्याचे पोहे, फोडणीचे पोहे पुढ्यात येतात.

यंदाही तसंच केलं. मग अनारसे तळले. तुपात एकही हसला नाही. हसले ते घरातले, खारट चकल्यांचा डबा उघडून. ब्लाउजची शिवण शिंप्याने दोन बोटं उसवून दिली.

आपल्याला घर बंद नाही. चणाडाळीत शिजून या, खवा घालून हलव्याच्या वाटीतून या. फक्त फोड चाखू द्या आणि पेल्यातून येऊ नका.

कळावे, लोभ असावा, पळीभर पुरे.

आपली,
सहा दिवसांची भाविक