यंत्राची हजेरी

नंदुरबारात महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून संदर्भग्रंथातली प्रकरणे काढून घेणारा विद्यार्थी चोर नव्हे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अध्यापनासाठी प्रत काढू देते. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही ही सवलत उचलून धरली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या म्हणतात, आमचे यंत्रही शिकतेच आहे. शिकेना बापडे! पण धडगावचा पोरगा शिकून फार तर पदवी घेतो. हे यंत्र प्राध्यापकांची पुस्तके पचवून त्यांनाच मासिक वर्गणीवर टिपणे विकते. ते मजकूर साठवत नाही, फक्त सार घेते, असा बचाव होईल. मान्य, पण सार काढण्याआधी प्रत काढावीच लागते ना? आणि कलम ५२च्या अध्यापनाविषयीच्या पोटकलमात सवलतीचे मानकरी दोनच आहेत: शिक्षक आणि विद्यार्थी.