आलात? आता परत जा!

देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, किल्ल्यावरून खाली उतरणाऱ्या पर्यटकांच्या तक्रारी ऐकल्या की यादवांची पाठ थोपटावीशी वाटते. पायऱ्या फार आहेत. सावली नाही. मध्येच काळोख आहे, वटवाघळांचा वास येतो, आणि वाट सरळ जातच नाही, सारखी वळते. अहो, हेच तर हवं होतं त्यांना! आठशे वर्षांपूर्वी ज्या गावाने राज्याची राजधानी व्हायचं ठरवलं, त्याने पाहुण्यांची गैरसोय हा विषय फार मनापासून अभ्यासला होता. त्यात तुम्ही दमलात, चिडलात आणि अर्ध्यातून खाली आलात, म्हणजे त्या कामाचा दर्जा अजून टिकून आहे. आजच्या बांधकामांबद्दल आठ वर्षांनी तरी असं म्हणता येतं का?

हा डोंगर साधारण दोनशे मीटर उंच. त्याचा खालचा भाग चारी बाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केलेला. पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, आणि तो ओलांडायला एकच वाट. त्याआधी तटबंदीची एकामागून एक कडी. दरवाजांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार खिळे. दरवाजासमोर मोकळी जागा ठेवायची नाही, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला वावच नको. आत शिरलात की समोर भिंत, मग काटकोनात वळण, आणि वळणावर वरून तुमच्या डोक्याकडे लक्ष ठेवणारे लोक. आताही ते आहेत. फक्त ते सेल्फी काढत असतात.

पण खरी करामत अंधारीची. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा बोगदा भर दुपारी बारालाही रात्रीचा असतो. मोबाईलचा टॉर्च बंद करून चार पावलं टाकून बघा. पायरी सहा इंचांची असेल म्हणून पाय टाकावा तर ती फूटभर निघते. पुढची इतकी बुटकी, की नसलेल्या पायरीवर पाय आपटून जीभ चावली जाते. हा गवंड्याचा ढिसाळपणा नव्हे, हिशेब आहे. पळणाऱ्या माणसाचे पाय लय धरतात आणि लय मोडली की माणूस पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून निखारे पेटवायचे आणि धूर खाली सोडायचा, असंही गाईड सांगतो. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते पाहिलं की वाटतं, सहलीतल्या एखाद्या गटावर त्याचा डोळा असावा.

एवढं करून किल्ला पडला तो कशाने? 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक दारात येऊन उभा राहिला. रामचंद्रदेवाचं मोठं सैन्य युवराजाबरोबर बाहेर गेलेलं. घाईघाईने किल्ल्यात धान्याची पोती भरून घेतली, आणि उघडून पाहिली तर म्हणे त्यांत मीठ! तवारिखेतली कथा आहे, खरी किती ते तवारीख लिहिणाराच जाणे. पण ज्याने कधी सरकारी गोदाम आतून पाहिलं आहे, त्याला ती खोटी वाटणार नाही. पुढे 1633 मध्ये मोगलांनी वेढा घातला, तेव्हा निजामशाहीचा सूत्रधार फत्तेखान याने रोख रक्कम घेऊन किल्ला मोकळा करून दिला. खंदक, खिळे, अंधारी, सगळं जागच्या जागी. खडक तासणाऱ्यांनी हत्तीचा विचार केला, पाकिटाचा केला नाही.

आता तुघलक. दौलताबादला आल्यावर महंमद तुघलकाला हसल्याशिवाय कोणाचं तिकीट वसूल होत नाही. 1327 च्या सुमारास त्याने राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि काही वर्षांत परत नेली. केवढा वेडेपणा! असं म्हणणारे आपण कोण? तर दरवर्षी हिवाळ्यात अख्खं मंत्रिमंडळ, सचिव, फायली, शिपाई आणि फायली शोधणारे शिपाई, सगळं उचलून मुंबईहून नागपूरला नेणारे आणि पंधरा दिवसांत परत आणणारे. तुघलकाने हा प्रयोग एकदाच केला. आपण 1953 च्या नागपूर कराराला स्मरून तो दरवर्षी करतो, वर त्याला अधिवेशन म्हणतो, आणि संत्रीही आणतो.

शिवाय तुघलकाच्या त्या स्थलांतरातून काहीतरी उरलं. दौलताबादहून खुलताबादकडे निघालात की वाटेत कागजीपुरा लागतो. दिल्लीहून आलेल्या लवाजम्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, सुलतान परत गेला, हे लोक इथेच राहिले, असं गाव सांगतं. दरबार म्हटला की फर्मानं आली, फर्मानं म्हटली की कागद आला. दौलताबादी कागद पुढे महाराष्ट्रातल्या दफ्तरांत नावाने ओळखला जाई. हौदात चिंध्यांचा लगदा, त्यात चौकटीवरची गवती चटई बुडवायची, अलगद हलवत वर उचलायची, पाणी निथळलं की चटईवर साईसारखा पातळ थर राहतो. तो भिंतीवर वाळवायचा आणि मग दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. उचलताना मनगट जरा तिरकं झालं की एका कडेला जाड आणि एका कडेला फाटका. सहलीची बस मात्र इथे थांबत नाही. तिला वेळ नसतो. तिच्यातल्याच कोणाच्या तरी मुलीच्या लग्नपत्रिका पुण्यातल्या दुकानातून हातकागदावर छापून आलेल्या असतात. ‘हँडमेड’ आहे म्हणून दुप्पट भावाने.

वेळ का नसतो, तर दिवसाचं गणित ठरलेलं असतं. सकाळी वेरूळ, मग घृष्णेश्वर, दुपारी भद्रा मारुती, मग किल्ला, संध्याकाळी बीबी का मकबरा आणि दिवे लागताना पाणचक्की. यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही एवढ्यांच्या वाट्याला मिळून दीड तास. त्यातला अर्धा तास गावाच्या वेशीतच जातो, कारण शहराकडून येणारा जुना रस्ता मधल्या काळातल्या तटाच्या दरवाजातूनच आत शिरतो. शत्रूला अडवायला बांधलेला दरवाजा आता ऊस, पेरू आणि ट्रॅव्हल्स अडवतो. हॉर्न वाजवल्याने दगड रुंद होत नाही, हे आठशे वर्षांत कोणी शिकलेलं नाही.

किल्ल्यात शिरल्यावरही पाहायचं काय, हे आधीच ठरलेलं असतं. चाँद मिनार पाहायचा तो त्याची उंची पाहून, म्हणजे मान वर करून ‘बाप रे’ म्हणेपर्यंत. शेजारी भारतमाता मंदिर आहे. खांब जुन्या देवळांचे, मांडणी 1318 च्या मशिदीची, मूर्ती 1948 नंतरची. तिथे गाईड आधी पाहुण्यांची आडनावं विचारतो आणि मग इतिहास सुरू करतो. हत्ती हौदाशी कोणी थांबत नाही. एवढ्या खडकाळ गावात एवढी माणसं पाणी कुठलं पीत, हा प्रश्न उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यात तरी पडायला हवा. गावाभोवतीच्या टेकड्यांवरचं पाणी तळ्यांत अडवून मातीच्या नळांनी आत आणलं होतं. पण तळ्यापुढे उभं राहून फोटो काय काढणार? मागे काहीच उंच नाही.

वर जनार्दनस्वामींची समाधी आहे. एकनाथांचे गुरू, आणि याच किल्ल्याचे किल्लेदार. पैठणहून वारी करत येणारी मंडळी सत्तरीची असली तरी सगळ्या पायऱ्या चढतात आणि खाली येऊन पायऱ्यांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. याची नोंद पर्यटन महामंडळाने घ्यायला हरकत नाही. रोपवेचा खर्च वाचेल.

आणि खुलताबाद! औरंगजेबाची कबर उघड्या आभाळाखाली, साधी, तशी त्याचीच इच्छा होती. तिच्यावर तावातावाने बोलणारे जेवढे लोक आहेत, त्यातल्या किती जणांनी ती पाहिली आहे, हे मोजायला फार बोटं लागणार नाहीत. तिथून थोड्याच अंतरावर मलिक अंबर झोपला आहे. गुलाम म्हणून हबशी मुलुखातून आलेला, निजामशाहीचा कर्ता झालेला, आज ज्या शहराच्या नावावरून इतकं रान पेटतं त्या शहराचा पाया खडकी म्हणून घालणारा. जहांगीर आयुष्यभर त्याच्या नावाने बोटं मोडत राहिला. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरच्याच बाजूने शहाजीराजे लढले. म्हणजे शिवरायांच्या आधीच्या पिढीचं मैदान समजून घ्यायचं तर इथे यायला हवं.

पण सकाळी निघतानाच ड्रायव्हरला सांगून बघा. तो मान वळवतसुद्धा नाही. ‘तिकडं काही नाही बघण्यासारखं, साहेब.’ बस वेरूळकडे वळते. वेरुळात मालोजीराजांची गढी आहे म्हटलं, तर म्हणतो, ‘तिकडं पण नाही. पण जेवण चांगलं मिळतं, थांबू का?’

बस थांबते.