दोन बीएचकेमध्ये एक हजार वॅट

होम थिएटरच्या खोक्यावर जी गोष्ट सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेली असते, तिचा सिनेमा नीट ऐकू येण्याशी सगळ्यात कमी संबंध असतो. ती गोष्ट म्हणजे वॅट. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ ही अक्षरं झळकू लागली आणि बघता बघता सहा सेलांवर चालणारं यंत्रही हजार वॅटच्या बाता मारू लागलं. हजार वॅट म्हणजे चांगली तापलेली इस्त्री खाते तेवढी वीज. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धत कधीच नव्हती, त्यामुळे तो आकडा इंजिनियरपेक्षा छापखान्याच्या हातात जास्त होता. आता त्याच्या जागी ‘आरएमएस’ आला आहे, जो निदान मोजता येतो. पण खोक्यावरचा मोठा आकडा पाहून खिशाकडे हात जायची आपली सवय गेलेली नाही. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. बजेट लहान असेल तर वॅट मोजू नयेत आणि डबेही मोजू नयेत. दोन चांगले स्पीकर घ्यावेत आणि बाकीच्यांना पुढच्या पगारवाढीपर्यंत दुकानातच राहू द्यावं.

आधी वॅटचा हिशेब संपवू. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबलने वाढतो. वाढलाय एवढं कळतं, बस. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे शेजारच्यांच्या पाचशे वॅटवर मात करायला जो हजार वॅटचा संच उचलून आणतो, त्याचा विजय अवघ्या तीन डेसिबलचा असतो. घरगुती स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. असे दोन स्पीकर तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत एकेका वॅटमध्ये ८० डेसिबल सहज पोचवतात. घरातलं साधं बोलणं ६०च्या आसपास असतं, भांडणाचं सोडून द्या. यावर कुणी म्हणेल, स्फोटाचं काय? स्फोटाला क्षणभर वीसेक डेसिबल जास्त लागतात, म्हणजे शंभर वॅट, हे मान्य. पण ऐंशीवर सिनेमा आणि शंभरावर स्फोट ऐकणारं कुटुंब ज्या सोसायटीत राहतं, तिथला पुढचा स्फोट वार्षिक सर्वसाधारण सभेत होतो.

आता डब्यांचा हिशेब. समजा, बजेट पंचवीस हजारांचं आहे. ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पंचवीस हजारांतून ॲम्प्लिफायर, रिमोट, खोकं, थर्माकोल, कर, दुकानदाराचा नफा आणि समोर उगाच लुकलुकणारे निळे दिवे वजा करा आणि उरेल त्याला सहाने भागा. माणसाचा आवाज नीट यायला मधले स्वर पेलणारा कोन, वरचे स्वर पेलणारा ट्वीटर, दोघांना कामं वाटून देणारं क्रॉसओव्हर आणि थरथर न करणारी लाकडी पेटी लागते. सहावा हिस्सा एवढं सगळं देऊ शकत नाही. तो देतो प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेला तीन इंची एकच कोन. या कोनाला पुरुषी आवाजाचा खालचा भाग झेपत नाही, म्हणून तो सबवूफरकडे ढकलला जातो आणि सबवूफर तर जागा असेल तिथे कोंबलेला. परिणामी नायकाचं तोंड टीव्हीत असतं आणि छाती चपलांच्या रॅकखाली. तीच रक्कम दोनाने भागली, तर तोंड आणि छाती एकाच माणसाची राहतात.

दोन स्पीकर म्हणजे गरिबाची तडजोड, असंही समजू नये. स्टिरिओची कल्पना सिनेमाच्या निमित्तानेच सुचली. ॲलन ब्लमलाइन या इंग्लिश अभियंत्याने १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. नट पडद्याच्या एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसरीकडून, हे थिएटरात बसल्या बसल्या त्याला खटकलं, अशी त्यामागची कथा सांगतात. दोन स्पीकर योग्य अंतरावर ठेवून मधोमध बसलं की, जिथे काहीही नाही तिथून, थेट पडद्याच्या मध्यातून, संवाद ऐकू येतात. दोनांवर तिसरा फुकट, आणि तोही धूळ न पुसता! पाच वाहिन्यांचा सिनेमा दोन स्पीकरवर लावला तरी संवाद हरवत नाहीत. यंत्राला फक्त ‘स्टिरिओ’ सांगावं लागतं, मग ते मधल्या वाहिनीचा आवाज डाव्या-उजव्याला सारखा वाटून देतं. गाळलं जातं ते बहुधा सबवूफरसाठी राखलेलं खास गडगडणं.

‘पण मग मागून जाणारं हेलिकॉप्टर?’ हा रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर भूमितीत आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे पुढचे दोन स्पीकर श्रोत्याच्या समोरच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर हवेत आणि सराउंडचे दोन साधारण एकशेदहा अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. आता आपला हॉल पाहा. सोफा भिंतीला टेकलेला. मागे जागा आहे ती फक्त शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये. डावीकडचे एकशेदहा अंश स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि उजवीकडचे बाल्कनीच्या सरकत्या काचेवर. मग एक सराउंड टीव्हीच्या शोकेसवरच चढतो, दुसरा देवघराच्या वर जातो आणि हेलिकॉप्टर मागून पुढे जाण्याऐवजी गणपतीकडून फ्लॉवरपॉटकडे जातं. जिथे बसवता येत नाही, तिथला स्पीकर न घेणं याला मी कंजुषी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्लमलाइनची जादू सोफ्याच्या मधल्या जागेवरच चालते. डाव्या टोकाला बसणाऱ्याला सगळा सिनेमा डावीकडूनच ऐकू येतो. आणि मधली जागा कुणाची, हा प्रश्न मराठी एकत्र कुटुंबात स्पीकरने सोडवायचा नसतो. इथे मी दोनाचा हट्ट सोडतो. घरात बघणारे चार असतील तर तिसरा स्पीकर घ्यावा, पण तो मधला घ्यावा, टीव्हीच्या खाली. सिनेमातले बहुतेक संवाद त्याच वाहिनीतून येतात आणि तो असला की प्रत्येक खुर्चीवर नायक पडद्यातूनच बोलतो. म्हणून शक्य असेल तर पाच वाहिन्यांचा रिसीव्हर आधी घ्यावा, भले कुणी वापरलेला असो, आणि त्याला क्रमाने जोडत जावं. पहिली जोडी, मग मधला, मग सबवूफर आणि घर बदललं तर सराउंड. हप्त्याने घर घेणाऱ्यांना हप्त्याने होम थिएटर घ्यायला अडचण नसावी.

सबवूफरला मी तिसऱ्या हप्त्यात ढकललं, यावर तरुण मंडळी नाराज होतील. त्यांना ‘झिंगाट’ पोटात वाजलेलं हवं असतं. पण खर्ज नुसता सबवूफर तयार करत नाही, हॉलही करतो. बारा फुटी हॉलमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो, भिंतींलगत फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून जाणकार एक उपाय सांगतात. सबवूफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण हॉलभर रांगत जिथे खर्ज सगळ्यात स्वच्छ येतो ती जागा शोधायची. उपाय अचूक आहे, फक्त त्या वेळी दाराला कडी लावलेली असावी. शिवाय खर्ज भिंतीला जुमानत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्याला मात्र नियम पाठ असायची गरज नसते. त्याला सिनेमाची कथा कळत नाही, संवाद कळत नाहीत, नुसतं ‘धुम् धुम्’ कळतं आणि तेवढं त्याला पुरतं.

‘एवढं सगळं करण्यापेक्षा साउंडबार घ्यावा’, असं सांगणारा एक शहाणा दर घरात असतो. वायरी नकोत आणि जागा नाही, तर त्याचं ऐकावं. पण एका मीटरच्या पट्टीत डावं-उजवं किती लांब जाणार? आणि ज्यांचा आवाज छतावर आपटून खाली यायचा असतो, त्या ॲटमॉस बारना सपाट, कठीण छत लागतं. आपण त्या छताला आधीच पीओपीची तीन पायऱ्यांची नक्षी आणि पंखा बहाल केलेला असतो.

मग निवडायचं कसं? डोळे मिटून, अक्षरशः. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. पडद्याआड बऱ्यापैकी गुण मिळवणारा स्वस्त, चिमुकला संच डोळ्यांना दिसताच घसरला. कान तेच होते, डोळ्यांनी गुणपत्रिका बदलली. दुकानदारांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक असतं. शिवाय जरासा मोठा वाजणारा स्पीकर जास्त चांगला वाटतो, म्हणून विकायच्या संचाचा आवाज नेहमी एक टिचकी वर असतो. लॅमिंग्टन रोडवर जा किंवा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, दोन्ही संच सारख्याच आवाजात वाजवायला सांगावं आणि गाड्या उडण्याचा प्रसंग नाकारून बातम्या लावायला सांगाव्यात. उडणारी गाडी खरी कशी वाजते हे सुदैवाने आपल्याला माहीत नसतं, पण माणसाचा आवाज जन्मापासून माहीत असतो. विक्रेता चक्रावेल, चक्रावू द्यावं. सोन्याचा मुलामा दिलेली वायरही नाकारावी. हॉलमधल्या अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. वाचलेल्या पैशात जाड पडदे आणि गालिचा घ्यावा, कारण चकचकीत फरशी आणि उघड्या भिंती संवादांचा जेवढा चिखल करतात, तेवढा स्वस्त स्पीकरही करत नाही.

शेवटचा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, पण खरेदी तोच ठरवतो. पाहुणे आले तर त्यांना दोनच डबे दिसणार! त्यावर माझं उत्तर असं, की संगीताचे खरे दर्दी, स्पीकरपायी पन्नास-पन्नास लाख घालवणारे, त्यांच्या दिवाणखान्यातही बहुधा दोनच डबे असतात. पंचवीस हजारांत त्यांच्या डब्यांची बरोबरी होते. गाडी, बंगला, मुलांची शाळा, यांपैकी कशातही श्रीमंतांशी इतकी नेमकी बरोबरी करायची सोय आपल्याला कुणी ठेवलेली नाही.