आठ काढा आणि सुटा

गाडी एमएच-११ची असो की एमएच-१०ची, दुचाकीच्या पक्क्या लायसनसाठी पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला की बहुतेक काम झालं. शिकाऊ परवाना तर २०२१पासून आधारच्या जोरावर घरबसल्या मिळतो. मग तीस दिवस थांबायचं, तेवढ्यात पोरगं रस्त्यावरचं सगळं शिकेल हा शासनाचा भाबडा विश्वास. आठ निघतो माणसाच्या चालीने. बाहेर मात्र भेटतो पसरणी घाटाचा उतार, नाहीतर हंगामात इस्लामपूरकडे रात्रीची दोन ट्रेलरांची उसाची गाडी: मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलात, उसाची टोकं तेवढी बाहेर. या गाडीला आठ घालता येत नाही.

कोणी म्हणेल, तोल हाच पाया. मान्य, पण पाया बांधला की लगेच वास्तुशांत उरकत नाहीत. घाटात परीक्षा घ्या असंही कुणी म्हणत नाही, निरीक्षकालाही घरदार आहे. गंमत अशी, की १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १५वा नियम ओव्हरटेक करणं आणि ऐनवेळी गाडी थांबवणं हे दोन्ही तपासायला सांगतोच. रांग मोठी, माणसं थोडी, ही सबबही खरी. मात्र वेगात येऊन ब्रेक मारून दाखवायला मिनिटभरही लागत नाही, आणि मैदान तेच पुरतं.