यवतमाळचा समुद्र

पाहुण्यांना टाकीसमोर उभं केलं, नाटकाचा पडदा उघडावा तसा दिवा लावला, आणि समोरच्या काकू म्हणाल्या, "अवं माय, पाण्यात मेथी लावली काय जी?"

आठ महिने मी मीठ तोलून पाणी कालवत होतो. घनता 1.025, वर नाही, खाली नाही. आणि शेवटी मेथी!

सुरुवातीला काचेवर तपकिरी भुकटी बसली. ती पुसली तर दगडांवर हिरवे केस उगवले, बोटाबोटाएवढे. ते उपटले तर एका सकाळी वाळूवर जांभळट, बुळबुळीत कातडी पसरलेली. हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहेत, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. साप चावलेल्या माणसानं सापाची जात समजावत बसावं, तसं.

गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो. गावात खाऱ्या पाण्याची टाकी माझी एकट्याची, हे मीच जाहीर केलं होतं आणि तपासायला कोणी आलं नाही म्हणून मीच ते खरं धरलं. टाकीला मी 'रीफ' म्हणतो. प्रवाळ मात्र त्यात एकही नाही. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे आपल्या टिपेश्वरच्या वाघाच्या पंगतीला. वाघ काही कोणी हॉलमध्ये ठेवत नाही. माझ्याकडे भाजलेल्या मातीचे दगड, दोन क्लाउनफिश आणि पाच गोगलगायी. दोन खोल्यांच्या घराला लोक 'व्हिला' म्हणतातच की.

"समुद्र कुठं, यवतमाळ कुठं," असं कोणी म्हणालं की मी वणीवर येतो. बायको तेव्हाच चहा ठेवायला उठते. वणीकडचा चुनखडक, ज्याच्यावर राजूरच्या चुनाभट्ट्या चालल्या, तो समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. भूशास्त्रात त्याला पैनगंगा गट म्हणतात. वय विचाराल तर अब्जाच्या घरात. ज्या काळ्या पत्थराच्या मातीत आपला कापूस होतो तो साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे कालचं पोर. त्या चुनखडकात काही ठिकाणी कापलेल्या कांद्यासारखे थरावर थर दिसतात. स्ट्रोमॅटोलाइट. ते घडवले कोणी? माझ्या वाळूवर पसरलेल्या कातडीच्या पूर्वजांनी! चिकट थर, त्यावर गाळ, गाळावर पुन्हा थर, अशी त्यांची लाखो वर्षं गवंडीकामात गेली. तेव्हा मासा नव्हता, गोगलगाय नव्हती, टाकीवाला तर नव्हताच. हवेत प्राणवायूसुद्धा पहिल्यांदा याच जमातीनं भरला. थोडक्यात, जुना टूथब्रश घेऊन मी ज्यांना घरातून हुसकावतोय, ते या जिल्ह्याचे मूळ रहिवासी. सातबारा त्यांचा, कूळ मी.

एवढं ज्ञान असूनही शेवाळ हटेना. नायट्रेट आणि फॉस्फेट हा त्याचा खुराक. म्हणून बोअरचं पाणी बंद केलं, आरओ बसवला. उजेड दहा तासांवरून सहावर आणला. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर. एक लिटर शुद्ध पाण्यामागं माझ्या यंत्रातून तीन लिटर बाहेर पडतं. ते लादीला, कूलरला. कूलरचं गवत क्षारांनी पांढरं पडलं. 2018 च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली होती आणि आम्ही गल्लीत टँकरची वाट पाहत ड्रम धरून उभे होतो. त्या रांगेत माझ्या पुढं याच काकू होत्या. आता आरओ सुरू करताना मी खिडकी लावून घेतो.

बाबांनी मात्र टाकीकडं पाहून पहिल्याच दिवशी निदान केलं होतं. "तू खत टाकतं अन् तणाले शिव्या देतं."

मी दुखावलो. दिवसाला चिमूटभर खाद्य, तेही मोजून. तरी डबी दोन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांत रिकामी व्हायची. एकदा रात्री पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये अंधार, टाकीजवळ बाबा. दोन्ही मासे काचेला नाक लावून उभे, आणि बाबा डबीतून बोटांनी, पेरणीच्या हातानं, सारख्या अंतरानं दाणे सोडत होते.

"बाबा, हे चौथं जेवण आहे त्यांचं."

"मी आलो का पुढं येऊन उभे राह्यतेत. उपाशी कसं धाडू?"

दारव्ह्याजवळचं वावर ठोक्यानं दिल्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर त्यांच्या वाटेकडं डोळे लावून कोणी उभं राहिलं नव्हतं. बैलही नाही. मी फॉस्फेटचं काही बोललो नाही. खरं तर रागच आला होता, पण तो कुठं ठेवावा हे मला कळेना.

आता डबी माझ्या कपाटात असते. रोज संध्याकाळी झाकणात मोजून चिमूट काढून टाकीवर ठेवतो आणि बाहेर निघून जातो. परत येतो तेव्हा झाकण रिकामं असतं. रविवारी बाबा बाही वर सारून केस उपटतात. माझ्या ब्रशपेक्षा त्यांची बोटं बरी चालतात, मुळासकट येतं. मागच्या काचेवर एक पट्टा ते मुद्दाम सोडतात. "धुऱ्यावर ऱ्हाऊ दे थोडं," म्हणतात.

काकू परवा पुन्हा आल्या होत्या. मेथी कमी झालेली पाहून हळहळल्या.