दगडाला व्हिसा वाचता येत नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक काका आहेत. चिरंजीव लंडनजवळ आयटीत, सूनबाईही तिथेच. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडात दंगली पेटल्या तेव्हा काकांनी लिहिलं, ‘बरं झालं, घुसखोरांना एकदा दाखवायलाच हवं होतं.’ पुढे अंगठा. ६ ऑगस्टला तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाने भारतीयांना जपून राहण्याची सूचना दिली. काकांनी तीही पुढे ढकलली, या वेळी हात जोडून. दोन मेसेजच्या मध्ये फक्त सुप्रभात होतं.

मुळात घडलं ते भयंकरच. २९ जुलैला साउथपोर्टच्या एका नृत्यवर्गात तीन चिमुरड्या मुलींचा खून झाला. काही तासांत मोबाइलवर निकाल लागला : खुनी बोटीतून आलेला, आश्रय मागणारा. प्रत्यक्षात तो सतरा वर्षांचा मुलगा वेल्समधल्या कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला. पण खऱ्याने पायात चपला घालेपर्यंत दुसऱ्या संध्याकाळी मशिदीवर विटा पडायलाही लागल्या होत्या.

मग रॉदरहॅम. ४ ऑगस्टला तिथल्या ज्या हॉटेलात दोनशेहून जास्त आश्रयार्थी ठेवले होते, त्याच्या काचा फोडून जमावाने पेटता कचऱ्याचा डबा दाराशी रेटला. आत माणसं आहेत हे ठाऊक असताना. खिडक्यांतून ती दिसतच होती.

‘हॉटेलात आयतं बसून खातात,’ ही मुख्य तक्रार. तर हिशेब ऐका. हॉटेलात जेवण मिळणाऱ्या आश्रयार्थीला त्या वर्षी हातखर्चाला मिळत होते आठवड्याला ८.८६ पौंड. रुपयांत हजारही नाहीत. काम करतो म्हणाल, तर अर्ज वर्षभर रखडल्याशिवाय परवानगी मागताही येत नाही. म्हणजे हात बांधायचे आणि वर विचारायचं, टाळ्या का वाजवत नाही?

आता काकांसाठी खास. मिडल्सबरोच्या चौकात दंगलखोर गाड्या अडवत होते. प्रश्न दोनच : गोरा आहेस का? इंग्रज आहेस का? ‘स्किल्ड वर्कर व्हिसा आहे का, कर भरतोस का, पीएचडी कुठली’ असं कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. हलमध्ये गाडीतल्या रुमानियन माणसांना मारलं. ते तर युरोपातलेच. संडरलंडमध्ये टॅक्सीतून इस्पितळात कामाला निघालेल्या दोन फिलिपिनो नर्सवर दगड आले. म्हणजे डोकं फुटलं तर टाके कोण घालणार, याचाही विचार दगड भिरकावणाऱ्यांनी केला नव्हता. ‘कायदेशीर’ आणि ‘बेकायदेशीर’ हा भेद आपल्या ड्रॉइंगरूममध्ये चालतो. चौकात कातडी बघतात, नाहीतर उच्चार ऐकतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. ७ ऑगस्टला हल्ल्यांच्या ठिकाणांची यादीच फिरली. त्यात आश्रयार्थींचे खटले लढवणाऱ्या वकिलांची ऑफिसं होती. दुकानदारांनी दुपारीच फळ्या ठोकल्या. संध्याकाळी रस्ते भरले, पण भलत्याच लोकांनी. लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये हजारो माणसं निर्वासितांच्या बाजूने उभी राहिली. ब्रायटनमध्ये विरोधाला आलेल्या मूठभरांभोवती पोलिसांना कडं करावं लागलं, त्यांच्याच रक्षणासाठी! लिव्हरपूलच्या मशिदीबाहेर तर त्याआधीच एक आजी फलक धरून उभी होती : ‘नाझींविरुद्ध आज्या’. हा पक्ष आपल्याकडेही निघावा. निवडणूक लढवायची गरज नाही, नातवाचा फोन वेळेवर काढून घेतला तरी पुष्कळ.

आणि साउथपोर्ट? रात्री ज्या भिंतीच्या विटा उपटून फेकल्या, त्या भिंतीपाशी सकाळी गावातले गवंडी थापी घेऊन हजर. कोणी सिमेंट आणलं, कोणी झाडू. कोणत्या धर्माची भिंत आहे हे बघून ओळंबा वाकडा होत नाही, हे गवंड्याला कळतं.

काकांचा अंगठा मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे. सुनेने तो पाहिला. चार दिवस तिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. उत्तरादाखल तिने काहीच लिहिलं नाही. फक्त ग्रुप सोडला.