परदेशी बिझनेस मास्टर्स निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत (खास भिलाईकरांसाठी)

परदेशातली बिझनेस मास्टर्स पदवी व्यवस्थापन शिकण्यासाठी घ्यायची नसते, हे आधी पक्के करावे. वडिलांची नाइट शिफ्ट, मुलाचे कोचिंग आणि नळाची वेळ सांभाळणारी आई घरात असताना त्यासाठी तिकीट काढायची गरज नाही. पदवी घ्यायची ती नंतर तिथे काम करायला मिळणाऱ्या मुदतीसाठी.

म्हणून माहितीपत्रकातल्या हिरवळीवर हसणाऱ्या मुलामुलींकडे न पाहता अभ्यासक्रमाचा सहा आकडी सीआयपी कोड विचारावा. अमेरिकेत पदवीनंतर कामाला १२ महिने मिळतात. कोड ‘स्टेम’च्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४. मार्केटिंगच्या पदवीला बहुधा १२वरच भागवावे लागते, ‘बिझनेस ॲनालिटिक्स’ला ३६ मिळतात. मार्केटिंगची मनापासून आवड असेल तर ती मनातच ठेवावी. शिवाय त्या पहिल्या १२ महिन्यांत बेकार बसायची मुभा एकूण ९० दिवस. तेवढ्यात इथे लग्नाची बोलणीसुद्धा पुरी होत नाहीत.

पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकी मास्टर्सवाल्यांना आणखी २०,०००. अर्ज जास्त आले की सोडत. पहाटे उठून रँक काढायची सवय असलेल्या गावाला हा प्रकार झेपत नाही. सोडतीत नंबर लागण्याचा क्रॅश कोर्स सिव्हिक सेंटरला अजून निघालेला नाही. निघाला तर पहिली बॅच फुल्ल होईल. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ही रक्कम रुपयांत बाबांना एकदम सांगू नये, जेवणानंतर सांगावी.

ब्रिटन घाईतल्यांसाठी: पदवी एका वर्षात, कामाला सध्या दोन वर्षे, १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी बहुतेक ठिकाणी नाममात्र, नोकरी शोधायला १८ महिने; मात्र नोकरीसाठी बहुधा जर्मन यायला हवी. यावर आजोबा म्हणतील, आम्ही नाही का रशियन शिकलो? बरोबर आहे. पोलाद कारखान्यासाठीच्या १९५५च्या करारानंतर भिलाईचे इंजिनियर सोव्हिएत संघात प्रशिक्षणाला गेले. पण खर्च सरकारचा होता आणि परतल्यावर काम वाट पाहत होते; ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आजोबांनी सोडत पाहिली ती फक्त भिशीची. त्यांचा सल्ला आदराने ऐकावा, फॉर्ममध्ये भरू नये.

आता सर्वांत नाजूक पायरी. बँकेत कर्ज मागताना ठामपणे सांगावे की मुलगी तिथेच नोकरीला लागेल आणि हप्ते डॉलरमध्ये फेडेल. मग दुर्गहून गीतांजली पकडून मुंबई गाठावी आणि अमेरिकी वकिलातीच्या खिडकीवर तितक्याच ठामपणे सांगावे की शिक्षण संपताच ती भिलाईला, आपल्या घरी परत येणार आहे. दोन्ही फायली वेगवेगळ्या पिशव्यांत न्याव्यात. आणि ते घर म्हणजे सेक्टरमधले क्वार्टर असून बाबा रिटायर झाले की कंपनीला परत करायचे आहे, हे विचारल्याशिवाय बोलू नये.